लघवीतले ‘किडे’ आणि मोरीतली माशी

लहान काळपट अळ्या बाटलीत भरून आणायच्या आणि दबक्या आवाजात सांगायचं, “डॉक्टर, लघवीतून किडे पडायलेत.” नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत ही तक्रार नवी नाही. कुणाला त्या अळ्या संडासाच्या भांड्यात दिसलेल्या असतात, कुणाला न्हाणीतल्या जाळीपाशी वळवळताना. दवाखान्याची पायरी चढण्याआधी जंताच्या गोळ्यांची पाकिटं संपलेली असतात, कडुनिंबाचा रस पिऊन झालेला असतो, मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितलेला काढाही झालेला असतो. भीतीनं जेवण तुटलेलं असतं, झोप उडालेली असते. अशा प्रत्येकाला आधी धीर द्यायला हवा. या अळ्या जवळजवळ नेहमीच मोरीतल्या असतात, तुमच्या पोटातल्या किंवा मूत्राशयातल्या नसतात. त्यानंतर थोडं रागवायलाही हवं, कारण इलाज मोरीचा करायचा तो शरीराचा होऊन बसतो, आणि शरीराला खरोखर काही झालेलं असेल तर ते तसंच राहून जातं.

न्हाणीच्या भिंतीवर दिवसभर चिकटून बसणारी करडी, केसाळ, पसरट पंखांची छोटी माशी तुम्ही पाहिलेली आहे. या अळ्या तिच्याच. हात लावला की बोटावर पूड राहते, हाकललं तर हातभर उडून पुन्हा भिंतीवरच बसते. आपल्याकडच्या उष्ण हवेत यांतली सर्रास आढळणारी जात म्हणजे क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. तिच्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतात. ही माशी चावत नाही, चावता येईल असं तोंडच तिला नाही. मादी अंडी घालते ती मोरीच्या पाइपात आतून साचलेल्या बुळबुळीत थरात. साबण, केस, तेल, अन्नाचे कण आणि त्यावर वाढलेले जंतू यांचा तो थर बनलेला असतो. एका खेपेला ३० ते १०० अंडी, साधारण दोन दिवसांत अळ्या, मग नऊ ते पंधरा दिवस त्याच थरावर पोसणं, दीड-दोन दिवस कोश आणि पुन्हा माशी. म्हणजे दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या काही केंद्रांत दगडगोट्यांवरून पाणी झिरपवतात, तिथेही या अळ्या तसाच थर खात असतात. सांगायचा मुद्दा एवढाच की त्यांची जागा ठरलेली आहे, आणि ती जागा माणसाचं शरीर नाही.

हे कशावरून, असं विचाराल तर अळीकडेच नीट पाहा. तिला काळसर, टणक डोकं असतं आणि शेपटीच्या टोकाला श्वासाची नळी असते. ती नळी हवेत ठेवून ती चिखलात, थरात खाली तोंड घालून खाते. मूत्राशयात तिला हवा मिळत नाही आणि चरायला थरही मिळत नाही. पोटातले जंत अगदी वेगळे दिसतात. गोल जंत वीतभर किंवा त्याहून लांब असतो. लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे जंत पांढऱ्या दोऱ्याएवढे, जेमतेम सेंटीमीटरभर. पट्टकृमीचे तुकडे चपटे नि पांढरे. यांतल्या कुणालाच कीटकाच्या अळीसारखं टणक डोकं नसतं. तेव्हा बाटलीतली अळी आधी प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली जाऊ द्या, निदान तिथे होईल.

यावर हुशार वाचकाचा आक्षेप येतो की वैद्यकीय नियतकालिकांत तर लघवीतून, शौचातून या माशीच्या अळ्या निघाल्याच्या नोंदी आहेत. आहेत, नाकारण्याचं कारण नाही. पण त्या विरळा आहेत, आणि त्यांतल्या अनेकांबद्दल तज्ज्ञांनाच शंका आहे की अळी शरीरातून आली की नमुन्यात बाहेरून पडली. लघवीची नळी बसवलेला, अंथरुणाला खिळलेला, स्वच्छता ठेवता न येणारा रुग्ण असेल तर शक्यता तपासलीच पाहिजे. शंका फेडण्याची रीत सोपी आहे. न्हाणीतला मग, धुतलेली औषधाची बाटली, रात्रभर उघडी राहिलेली डबी, यांतला नमुना कामाचा नाही. प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक डबीत, मोरीपासून दूर, थेट लघवी धरा, लगेच झाकण लावा, आणि वेगवेगळ्या दिवशी असे दोन-तीन नमुने द्या. त्यांत काही निघालं नाही तर मनातला किडाही काढून टाका. निघालंच, तर डॉक्टर नळीनं थेट मूत्राशयातला नमुना घेतील. या टप्प्यापर्यंत फारच थोड्यांना जावं लागतं.

दुसरा आक्षेप गोळ्यांचा. सरकारच शाळेत जंताची गोळी देतं, मग आम्ही घेतली तर बिघडलं काय? राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल ठरल्या मात्रेत, ठरल्या अंतरानं दिलं जातं, तेही मातीतून पसरणाऱ्या आतड्यातल्या जंतांसाठी. मोरीतल्या अळीवर त्या गोळीचा काय परिणाम होणार? ती तर पाइपात बसली आहे. मनानं आठवड्यामागून आठवडा या गोळ्या घेतल्या तर यकृतावर आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर ताण येऊ शकतो, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तर त्या टाळायच्याच असतात. ‘मुळासकट किडे पाडतो’ म्हणणाऱ्या वैदूकडे पैसे मोजून येणाऱ्यांचा मला राग येत नाही, त्यांना फसवणाऱ्याचा येतो. अळीही न पाहता, लघवीही न तपासता औषध देणारा माणूस तुमचा रोग ओळखूच शकत नाही. विशेषतः बायका ही तक्रार लाजेनं महिनोन् महिने दडवतात. लाजण्यासारखं यात काही नाही, दडवणं मात्र महागात पडतं. लघवीला जळजळ, सारखी लागणं, लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, यांतलं काही असेल तर तो जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो, आणि वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे.

तिसरी शंका रास्त आहे. याच माशीच्या कुळातली वालुमाशी रोग पसरवते, मग ही का नाही? वालुमाशीची मादी रक्त पिते, हाच मोठा फरक. ती आकारानं न्हाणीतल्या माशीहून लहान, पंख उभे ठेवून बसणारी, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत, ओलसर कचऱ्यात वाढणारी. चांदीपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तो सापडला, म्हणून त्याचं नाव तसं. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. तो भाग आता बराचसा तेलंगणात आहे आणि नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला लागून आहे. म्हणून पावसाळ्यात लहान मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली तर एक रात्रही घरी थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. न्हाणीतल्या माशीला घाबरणारी घरं गोठ्यालगतच्या भेगाळ भिंतीशेजारी मच्छरदाणीशिवाय मुलांना झोपवतात, याची मला जास्त काळजी वाटते. न्हाणीतल्या माशीचा त्रास होतो तो क्वचित, मेलेल्या माश्यांची पूड श्वासात जाऊन दम्याच्या रुग्णाला.

आता मोरी. ॲसिड ओतलं, उकळतं पाणी ओतलं, तरी माश्या परत आल्या, ही तक्रार खरीच असते. थर अळ्यांचं रक्षण करतो, वरून ओतलेलं घसरून निघून जातं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीही करू नका, त्यातून निघणारा क्लोरिन वायू बंद न्हाणीत फुप्फुसं भाजून काढतो. रॉकेल ओतणंही थांबवा. आधी माश्या कुठून येतात ते शोधा. रात्री जाळीचा थोडा भाग झाकेल अशी चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर तीच मोरी. मग जाळी काढून लांब दांड्याच्या ब्रशनं पाइप आतून खरवडा, धुण्याचा सोडा नि गरम पाणी लावा, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा घासा. उरलेल्या माश्या मरेपर्यंत दोन-तीन आठवडे लागतील, धीर सोडू नका.

लातूरकर म्हणतील, घासायला पाणी कुठलं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहराला हा प्रश्न विचारण्याचा हक्कच आहे. पण घासण्याला ओतण्यापेक्षा पाणी कमी लागतं, दोन तांबे पुरतात. पाणी जपून वापरलं जातं तिथे मोरीत थर लवकर साचतो, त्यामुळे घासणं तिथेच जास्त गरजेचं. न वापरलेल्या संडासाच्या, न्हाणीच्या मोरीतलं पाणी आटतं आणि माश्यांना वाट मोकळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी तिथेही ओता. दारातली नाली उघडी वाहत असेल तर एकट्याच्या ब्रशानं भागणार नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या गेल्या आणि डास हटले. पुढे तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून इतर गावांनी उचलला. सांडपाण्यावर पोसणाऱ्या माशीलाही हाच उपाय लागू पडतो. ग्रामसभेत शोषखड्ड्याचा विषय निघेल तेव्हा हात वर करा, आणि तोवर आपल्या न्हाणीचा पाइप या रविवारी घासून घ्या.