आधी माहीत असलेलं उत्तर काढून पाहा

जनुकांच्या अभिव्यक्तीचं विश्लेषण शिकायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतो. डीईसेक२ घेऊ, एजआर घेऊ की लिमा? या कामात मुरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की हा प्रश्न नंतरचा आहे. ही तिन्ही साधनं मोफत आहेत, आर या भाषेत चालतात, २००१ साली सुरू झालेल्या बायोकंडक्टर प्रकल्पातून मिळतात आणि नीट आखलेल्या प्रयोगावर त्यांची उत्तरं बरीचशी जुळतात. निष्कर्ष बिघडतात ते दुसऱ्याच ठिकाणी. कधी सॉफ्टवेअरला दिलेल्या तक्त्यात, कधी सॅम्पलांच्या नोंदीत, तर कधी कशाची तुलना कशाशी करायची हे सांगताना. या जागा धोक्याच्या आहेत, कारण तिथे चूक झाली तरी प्रोग्रॅम बहुधा थांबत नाही. लाल अक्षरांतला एरर त्रास देतो, पण तो वाचवतोही. खरं नुकसान करते ती चूक, जी एकही एरर न देता सुबक आलेख आणि जनुकांची लांबलचक यादी हातात ठेवते. म्हणून माझं सांगणं एकच आहे. स्वतःच्या प्रयोगाची माहिती उघडण्याआधी, जिचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा माहितीवर हात बसवा आणि तेच उत्तर निघतं का ते बघा.

यासाठी बायोकंडक्टरमध्ये ‘एअरवे’ नावाचा तयार संच आहे. मूळ अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. श्वासनलिकेच्या स्नायूपेशींचे चार वाण घेतले, प्रत्येकाचा एक भाग तसाच ठेवला आणि दुसऱ्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. एकूण सॅम्पल ८, तक्त्यात ओळी साठ हजारांहून जास्त. साध्या लॅपटॉपवर हे सहज चालतं. आता यातली एक बारीक गोष्ट जवळून बघा. औषध दिलेल्या सॅम्पलांपुढे ‘टी’पासून सुरू होणारी खूण आहे, न दिलेल्यांपुढे ‘यू’पासून सुरू होणारी. पायाभूत गट कोणता, हे तुम्ही सांगितलं नाही तर आर खुणा वर्णानुक्रमे लावते आणि पहिल्या खुणेचा गट पाया धरते. इंग्रजीत ‘टी’ आधी आणि ‘यू’ नंतर, त्यामुळे औषध दिलेला गट पाया ठरतो आणि सगळा निकाल उलटा होतो. पी-व्हॅल्यू तीच राहते, आलेख तितकाच देखणा दिसतो, फक्त वाढलेली जनुकं घटलेली दिसतात. स्टेरॉइड दिलं की एफकेबीपी५ या जनुकाची अभिव्यक्ती वाढते, हे आधीपासून माहीत आहे. ते खाली गेलेलं दिसलं की पाया चुकला हे लगेच कळतं, आणि दुरुस्ती एका ओळीची असते. पण ज्याला उत्तर ठाऊक नाही, त्याला हा उलटा निकालही तितकाच खरा वाटेल.

अशी चूक फक्त नवशिके करतात असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील एका गटाने २००६ साली दावा केला की गाठीतल्या जनुकांच्या अभिव्यक्तीवरून कर्करोगाचं कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येतं. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते विश्लेषण मुळापासून करून पाहिलं आणि २००९ साली काय सापडलं ते मांडलं. जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या आणि काही ठिकाणी ‘औषध लागू पडतं’ आणि ‘पडत नाही’ या खुणांची अदलाबदल झाली होती. तोवर त्या निष्कर्षांवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. २०१० मध्ये त्या बंद पडल्या आणि पुढे शोधनिबंध मागे घेतले गेले. त्या गटातल्या एका संशोधकावर नंतर खोटी माहिती वापरल्याचा ठपका आला, ही गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर. पण सरकलेली ओळ आणि उलटलेली खूण प्रामाणिक माणसाच्या हातूनही होते, आणि इथे तिची झळ आजारी माणसांपर्यंत पोचली होती.

दुसरी जागा सॅम्पलांच्या नोंदीची. २००७ साली एका अभ्यासात युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांमध्ये तपासलेल्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश जनुकांची अभिव्यक्ती वेगळी असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी इतर संशोधकांनी तारखा तपासल्या. युरोपीय सॅम्पलं मुख्यतः २००३-०४ मध्ये मोजली होती, आशियाई २००५-०६ मध्ये. मग फरक वंशाचा की वर्षाचा? हे त्या माहितीतून वेगळं काढताच येत नाही, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ते काढून देणार नाही. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गटांची सॅम्पलं असतील तर बॅचचा परिणाम हिशोबात धरता येतो. एक गट सोमवारी आणि दुसरा गुरुवारी केला असेल तर काहीच करता येत नाही. म्हणून आरएनए कधी काढला, कुणी काढला, किट कोणत्या लॉटचं होतं, या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. विश्लेषणाची सुरुवात तिथेच होते.

तिसरी जागा आपल्या रोजच्या सवयीची, एक्सेलची. मार्च१ आणि सेप्ट२ या नावांची जनुकं एक्सेल तारखा समजून बदलून टाकतं. हे २००४ पासून छापून आलेलं आहे. तरी २०१६ च्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांसोबत एक्सेलमध्ये जनुकयाद्या होत्या त्यांपैकी सुमारे एक-पंचमांशांत अशी बिघडलेली नावं आढळली. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलून मार्चएफ१, सेप्टिन२ अशी केली. तेव्हा मोजणीचा तक्ता एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. आणि डीईसेक२ला कच्चे काउंट द्या. आधीच प्रमाणित केलेले आकडे दिले तर त्याचं गणित ज्या गृहीतकावर उभं आहे तेच ढासळतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. ‘आम्ही जीवशास्त्राचे, कोड कशाला शिकायचा? गॅलक्सीवर बटणं दाबून सगळं होतं.’ गॅलक्सी चांगलं साधन आहे, प्रत्येक पायरीची नोंदही ठेवतं, जरूर वापरा. पण उलटी खूण बटणाने दिली काय किंवा कोडने दिली काय, निकाल उलटाच येतो. ‘हे काम संख्याशास्त्रज्ञाचं आहे.’ त्यांची मदत घ्याच, आणि ती प्रयोग आखतानाच घ्या. मात्र कोणती नळी कोणत्या दिवशीची, हे पेशी वाढवणाऱ्यालाच माहीत असतं. ‘आता एआय कोड लिहून देतं.’ देतं, आणि तो कोड चालतोही. चालणारा कोड आणि बरोबर उत्तर यांतलं अंतर ओळखायचं असेल तर काय अपेक्षित होतं हे आधी माहीत असावं लागतं. ‘वेळ नाही’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त समजतो, कारण प्रबंधाची मुदत कुणासाठी थांबत नाही. तरी सरावाला लागणारे दोन-तीन दिवस, चुकीच्या यादीतलं जनुक घेऊन प्रयोगशाळेत घालवलेल्या सहा महिन्यांपुढे काहीच नाहीत.

सराव झाला, आता स्वतःची माहिती उघडायची. त्याआधी कागदावर तीन अपेक्षा लिहा. मानवी सॅम्पलं असतील तर स्त्रियांच्या सॅम्पलांत साधारणपणे झिस्ट जनुकाचे भरपूर काउंट दिसायला हवेत, पुरुषांच्या सॅम्पलांत वाय गुणसूत्रावरच्या जनुकांचे. एखादं जनुक दाबलं असेल तर तेच जनुक घटलेलं दिसायला हवं. आणि एकाच गटातली सॅम्पलं एकमेकांजवळ यायला हवीत. यातली एखादी अपेक्षा फसली तर पुढे जाऊ नका, नळीवरच्या चिठ्ठीपर्यंत मागे जा. तिन्ही जुळल्या तर मग २०,००० जनुकांच्या यादीकडे वळा. तिथेही साध्या पी-व्हॅल्यूवर विसंबू नका. ०.०५ ची मर्यादा धरली तर काहीही फरक नसताना हजारभर जनुकं निव्वळ योगायोगाने वर येतील, म्हणून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यूच वाचा. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हा प्रश्न यानंतर खुशाल विचारा. तोवर त्या तिन्ही साधनांपैकी कोणतंही चालेल, हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.