जहाज निवडताना : एक समुद्रावरचे, एक गंगेवरचे

सहलीसाठी पैसे साठवण्याची सवय मराठी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. पूर्वी चारधाम, काशीयात्रा किंवा दक्षिण भारत एवढ्यापुरता मर्यादित असलेला हा विचार गेल्या काही वर्षांत पाण्यावरील सफरीपर्यंत येऊन पोहोचला आहे. हावड्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी अधिकाऱ्यांना गावाकडच्या आप्तांकडून आणि जुन्या ग्राहकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो : ‘मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाने जावे, की तुमच्याकडच्या गंगेतल्या जहाजाने?’ विचारणाऱ्यांपैकी अनेक जण नुकतेच सेवानिवृत्त झालेले असतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आलेली असते आणि आयुष्यभर राहून गेलेली एक हौस पुरी करावयाची असते. अशा वेळी निवड चुकली, तर रक्कम जाते आणि हौसही पुरी होत नाही. म्हणून या दोन प्रकारच्या जहाजांची तुलना कशी करावी, याचा थोडा अभ्यास येथे मांडला आहे.

दोन जहाजांची ओळख

उदाहरणासाठी दोन जहाजे घेऊ. पहिले ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. त्याची लांबी २११ मीटर असून त्यावर सुमारे १,८०० प्रवाशांची सोय होते. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरींमुळे ते महाराष्ट्रात परिचित झाले.

दुसरे ‘गंगा विलास’. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पहिली सफर सुरू झाली. बांगलादेशमार्गे आसामातील दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचे अंतर ५१ दिवसांत कापण्याची ती योजना होती. हे जहाज ६२ मीटर लांब व १२ मीटर रुंद असून त्यात १८ खोल्या आणि ३६ प्रवाशांची सोय आहे. पहिल्या सफरीत स्वित्झर्लंडमधील ३२ पर्यटक होते. एवढी लांब सफर सर्वांना शक्य नाही. परंतु कोलकात्याहून मुर्शिदाबाद, फरक्का या बाजूस जाणाऱ्या साधारण आठवड्याच्या सफरी इतर नदीजहाजेही करीत आली आहेत.

आकडे काय सांगतात?

माहितीपत्रकात पहिला आकडा बहुधा टनांचा असतो. कॉर्डेलिया एम्प्रेसच्या बाबतीत तो ४८,५६३ आहे. हे जहाजाचे वजन नव्हे. जहाजाच्या आतील एकूण बंदिस्त जागेवरून हा आकडा काढलेला असतो. त्यास प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागेचा अंदाज मिळतो. येथे ४८,५६३ भागिले १,८०० म्हणजे सुमारे २७. हा आकडा तिसाच्या आत असेल तर भोजनगृहात, तरणतलावाजवळ व लिफ्टपाशी गर्दी जाणवते, आणि पन्नाशीच्या पुढे गेला तर जहाज ऐसपैस समजावे, असा या व्यवसायातील ढोबळ संकेत आहे. अर्थात गर्दी हा सर्वांच्याच दृष्टीने दोष नसतो. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबास तीच गर्दी जत्रेसारखी वाटते. गंगा विलासवर प्रवासी ३६ आणि कर्मचारीही जवळपास तेवढेच. तेथे निवांतपणा आहे. मात्र आठवडाभर तेच चेहरे आणि सायंकाळी तोच दिवाणखाना, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आकडा ‘ड्राफ्ट’चा. बँकेत आपणास परिचित असलेला ड्राफ्ट हा नव्हे! जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो, त्या खोलीस ड्राफ्ट म्हणतात. समुद्रावरील या जहाजाचा ड्राफ्ट सुमारे ७ मीटर, तर गंगा विलासचा केवळ १.४ मीटर आहे. दोन्ही सफरींमधील सारा फरक या एका आकड्यात सामावलेला आहे. ७ मीटर पाण्यात बुडालेले जहाज मोठ्या बंदरातच लागू शकते. बंदर नसलेल्या लक्षद्वीपमध्ये ते दूर नांगर टाकते आणि प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. उलट दीड मीटरही न बुडणारे जहाज गावाच्या घाटाजवळ जाऊ शकते. तथापि नदीलाही तिचा गाळ आणि तिचे उथळ पट्टे असतातच. जानेवारी २०२३ मध्ये बिहारमधील छपऱ्याजवळ गंगा विलास मुख्य प्रवाहातच नांगरून ठेवण्यात आले आणि प्रवाशांना लहान बोटींनी चिरांद येथे नेण्यात आले.

जहाज हेच ठिकाण, की ठिकाणी नेणारे वाहन?

निवडीचा खरा प्रश्न हा आहे. समुद्रावरील मोठे जहाज हेच मुळात सहलीचे ठिकाण असते. तरणतलाव, नाट्यगृह, मुलांचे खेळ, रात्रीचे कार्यक्रम आणि चार तऱ्हांची भोजनगृहे ही सहल. बंदरात उतरण्यास मिळणारे काही तास ही जोड. नदीवरील जहाज हे वाहन आणि मुक्काम आहे. सहल किनाऱ्यावर आहे.

हावड्याहून वर निघालेल्या जहाजाचा मार्ग पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल ही एका अर्थी सीमारेषाच आहे. तेथून पुढे उंच समुद्री जहाजाचे काम नाही. कमी उंचीची नदीजहाजेच पुलाखालून जाऊ शकतात. पुलानंतर डाव्या हातास बेलूर मठ आणि समोरच्या काठावर १८५५ साली बांधलेले दक्षिणेश्वराचे कालीमंदिर लागते. पुढे श्रीरामपूर हे डेन लोकांचे, चंदननगर हे फ्रेंचांचे, चुंचुडा हे डचांचे आणि बंडेल हे पोर्तुगीजांचे, अशी युरोपीय वसाहतींची रांगच या काठावर आहे. त्यानंतर १०८ शिवमंदिरांचे कालना, चैतन्य महाप्रभूंच्या आठवणी जपणारे मायापूर व नवद्वीप, प्लासीचा परिसर आणि मुर्शिदाबादचा हजारदुआरी राजवाडा.

मराठी माणसास या मार्गावर दोन ठिकाणी थांबावेसे वाटेल. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचा जम बसण्यापूर्वी आपली भाषा या हुगळीकाठी छापली जात होती. दुसरे ठिकाण काटवा. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचा तळ १७४२ साली येथे होता. आपण ज्यास पराक्रम म्हणून वाचले, तीच गोष्ट बंगालमध्ये ‘बर्गी’ या नावाने मुलांना धाक दाखविण्यासाठी अंगाईगीतात आली आहे. त्याच वर्षी मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खोदण्यास घेतलेल्या खंदकास ‘मराठा डिच’ हे नाव पडले. स्वतःच्या इतिहासाची दुसरी बाजू काठावरून पाहण्याचा हा योग आहे. परंतु ज्यांना अशा गोष्टींत रस नाही, त्यांना तिसऱ्या दिवशीची आणखी एक टेराकोटा मंदिराची फेरी कंटाळवाणी होईल, हेही तितकेच खरे.

प्रकृतीचा विचार

‘नदीत लाटा नाहीत, म्हणजे वडीलधाऱ्यांना नदीच बरी,’ असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. नदीवर जहाज लागण्याचा त्रास बहुधा होत नाही. मात्र सहल किनाऱ्यावर असल्याने रोज एकदा किंवा दोनदा उतरावे लागते. कधी अरुंद फळीवरून, कधी ओल्या, निसरड्या घाटाच्या पायऱ्यांवरून. ज्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत, त्यांनी भरपूर पैसे मोजूनही दिवसभर डेकवर बसून राहावे लागेल. मोठ्या जहाजावर लिफ्ट असते, डॉक्टर असतो आणि न उतरताही दिवस आनंदात जातो. पण पोटात ढवळणे सुरू झाले तर तेथून बाहेर पडता येत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. गंगेच्या सफरीस ऑक्टोबर ते मार्च हा काळ सुखाचा.

याची परीक्षा अगदी स्वस्तात घेता येते. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाऊन यावे. कोलकात्यास येणाऱ्यांनी हावडा स्थानकासमोरील फेरीघाटावरून बागबाजारपर्यंत लाँचने जावे आणि घाटाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून पाहाव्यात. लाखाचा निर्णय घेण्यापूर्वी हा छोटा खर्च अवश्य करावा.

खरा खर्च कसा काढावा?

कर्ज घेताना आपण केवळ व्याजदर पाहत नाही. प्रक्रिया शुल्क, विमा व इतर आकार धरून खरा बोजा काढतो. सहलीसही हाच नियम लागू करावा. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही जहाजाचे दर नव्हेत.

नागपूरच्या एका दांपत्याने समुद्रावरील तीन रात्रींच्या सफरीचे तिकीट ५०,००० रुपयांस घेतले. कर, बंदर शुल्क व बक्षिसी १४,०००. जहाजावरील जादा खर्च व गोव्यातील फेरफटका १०,०००. नागपूर-मुंबई जाणे-येणे व मुक्काम १६,०००. एकूण ९०,०००, म्हणजे प्रत्येक रात्रीस ३०,००० रुपये.

त्याच दांपत्यास नदीवरील सात रात्रींची सफर भोजन व किनाऱ्यावरील फेऱ्यांसह २,८०,००० रुपयांस पडली. कर १४,०००. नागपूर-हावडा प्रवास व मुक्काम २६,०००. एकूण ३,२०,०००, म्हणजे प्रत्येक रात्रीस सुमारे ४५,७०० रुपये.

केवळ तिकिटाकडे पाहिले तर नदीची एक रात्र जवळजवळ अडीचपट महाग वाटत होती. खरा खर्च धरल्यावर ती दीडपट ठरली. परंतु येथे मोहात पडू नये. तुलना रात्रीच्या दराने करावी, निर्णय मात्र एकूण रकमेवर घ्यावा, कारण खात्यातून जाणार आहेत ते ३,२०,०००. ही रक्कम निवृत्तीच्या ठेवीतून एकदम काढण्यापेक्षा किंवा वैयक्तिक कर्ज घेण्यापेक्षा तीन वर्षांची आवर्ती ठेव उघडावी. व्याज धरले नाही तरी दरमहा सुमारे ८,९०० रुपये भरावे लागतील. हा हप्ता जड वाटला, तर सहल आपल्या आवाक्याबाहेर आहे, असे समजावे.

कर्मचारी बंधू-भगिनींसाठी

रजा प्रवास सवलतीवर अशी सफर बसवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. आयकरातील सूट भारतातील प्रवासाच्या भाड्यापुरती आहे. भोजन, निवास व मनोरंजन तीत येत नाही. प्रवासात परदेशाचा टप्पा असल्यास ही सूट मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतीय स्टेट बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. बांगलादेशातून जाणाऱ्या नदीमार्गास हा निर्णय लक्षात ठेवावा. नवीन करप्रणाली स्वीकारलेल्यांना तर ही सूट उपलब्धच नाही. म्हणून आरक्षणापूर्वी आपल्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. दरात कर, बंदर शुल्क, बक्षिसी व किनाऱ्यावरील फेऱ्या धरल्या आहेत काय?
२. खोली कोणत्या मजल्यावर आहे? तिला खिडकी आहे काय? लिफ्ट आहे काय?
३. हवामानामुळे किंवा पाणी कमी झाल्याने एखादा थांबा रद्द झाल्यास परतावा मिळेल काय?
४. प्रवाशाने सफर रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळते?
५. जहाजावर डॉक्टर आहे काय? जवळचे रुग्णालय किती अंतरावर राहील?
६. पासपोर्ट, व्हिसा किंवा लक्षद्वीपसारख्या ठिकाणचा प्रवेश परवाना लागतो काय?
७. शाकाहारी, मधुमेही व्यक्तींच्या आहाराची सोय लेखी मान्य केली आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत आणि रक्कम शक्यतो बँकेमार्फतच भरावी. म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास पुरावा हाती राहतो.

सारांश, नातवंडांसह तीन दिवस मौज करावयाची असेल, चालण्याचा त्रास असेल आणि खर्चास मर्यादा असेल, तर समुद्रावरील मोठे जहाज योग्य. पायांत बळ आहे, वाचनाची व इतिहासाची आवड आहे, आठवडाभराचा निवांत वेळ आहे आणि त्यासाठी वेगळी ठेव साठवली आहे, अशांनी हावड्याहून गंगेच्या वरच्या प्रवाहाकडे वळावे. दोहोंपैकी कोणतेही जहाज दुसऱ्याहून श्रेष्ठ नाही. गुंतवणुकीप्रमाणेच सहलीतही आपली गरज, आपली मुदत आणि आपली सहनशक्ती प्रथम ओळखावी. योजना त्यानंतर निवडावी.