वास्तूच्या बारकाव्यांचे छायाचित्रण : झाशीचा ओरछा दरवाजा

ऐतिहासिक वास्तूची दुरुस्ती कोणत्या पुराव्याच्या आधारे करावी, हा वारसा जतनातील मूलभूत प्रश्न आहे. कमानीचा दगड निखळला किंवा जुना गिलावा पडला की मूळ कारागिरीचा पुरावाही त्याबरोबर नाहीसा होतो. तत्पूर्वी पद्धतशीर छायाचित्रे घेतलेली असतील तर दुरुस्ती नोंदीनुसार होते. नसतील तर अंदाजाने होते. झाशीतील ओरछा दरवाजाच्या उदाहरणावरून ही बाब समजून घेता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

झाशीचा किल्ला ओरछाचे बुंदेला राजे वीरसिंह देव यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. अठराव्या शतकात झाशी मराठ्यांकडे आली. सुभेदार नारो शंकर यांच्या काळात किल्ल्याचा व शहराचा विस्तार झाला. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे गेली. शहराच्या तटाला अनेक दरवाजे होते. ओरछा, दतिया ही त्यांपैकी काहींची नावे तेथून निघणाऱ्या वाटा कोठे जातात हे सांगतात.

३ एप्रिल १८५८ रोजी सर ह्यू रोज यांच्या सैन्याने शहरावर हल्ला चढविला. दूल्हाजू याने फितुरीने ओरछा दरवाजा उघडला, अशी लोकपरंपरा आहे. इंग्रजांच्या लष्करी वृत्तांतांत मात्र तटाचे खिंडार आणि शिड्या यांचा उल्लेख येतो. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हेही या घटनांचे महत्त्वाचे मराठी साधन आहे. छायाचित्र असा वाद मिटवू शकत नाही; परंतु तटातील सांधे, निराळ्या दगडांचे थर, दुरुस्तीच्या खुणा हा भौतिक पुरावा ते टिकवून ठेवते. सिमेंटचा एक थर चढला की तो झाकला जातो.

छायाचित्रणाची परंपरा

१८५५ मध्ये मुंबई सरकारने थॉमस बिग्ज यांना वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. १८८० च्या दशकात लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली. जर्मनीत १८५८ मध्ये, म्हणजे झाशीच्या वेढ्याच्याच वर्षी, आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे वेट्झलार येथील चर्चचे मोजमाप घेताना उंचावरून पडता पडता वाचले. त्यातून छायाचित्रावरून मोजमाप करण्याची कल्पना त्यांना सुचली. वास्तूंच्या फोटोग्रॅमेट्रीचे हे एक मूळ होय.

नोंदीची पद्धत

दरवाजाची नोंद करताना कमान, कोनाडे, लाकडी फळ्या, लोखंडी खिळे, अडसराची खोबण, चुन्याचा गिलावा आणि दगडांवरील छिन्नीच्या खुणा यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

१. प्रथम संपूर्ण वास्तू, मग एकेक भाग, शेवटी बारकावा असा क्रम ठेवावा; अन्यथा सुट्या छायाचित्रातील नक्षी कोठली हे कळत नाही.
२. बारकाव्याशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कॅमेरा भिंतीला समांतर धरावा. कॅमेरा वर कलला तर उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात व मोजमाप चुकते.
३. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उथळ कोरीव काम व छिन्नीच्या खुणा स्पष्ट दिसतात. रंगीत चित्रांसाठी मात्र समान, सौम्य प्रकाश आणि रंगपट्टी आवश्यक असते.
४. त्रिमितीय प्रतिरूप करावयाचे असल्यास लगतच्या छायाचित्रांत किमान ६० टक्के भाग सामाईक असावा.
५. दिनांक, दिशा व स्थान लिहावे. मूळ प्रती दोन ठिकाणी जतन कराव्यात.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे संरक्षण हे अनुच्छेद ४९ नुसार राज्याचे दायित्व आहे. संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन हे अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य होय. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवती किमान १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढे किमान २०० मीटरचे विनियमित क्षेत्र असते.

समारोप

किल्ल्यात प्रवेशद्वार, पहारा आणि माहितीफलक असतात. शहराचा दरवाजा मात्र रहदारी, घरे व दुकाने यांच्यामध्ये उभा असतो आणि रोजच्या वापरात थोडा थोडा बदलत जातो. म्हणूनच त्याची नोंद अधिक निकडीची ठरते. जतनाचा आरंभ गवंड्याच्या थापीपासून नव्हे, तर त्याआधीच्या नोंदीपासून होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील वेस, वाडा किंवा बारव यांची अशी नोंद केल्यास अनुच्छेद ५१-क मधील कर्तव्य प्रत्यक्षात उतरेल.