सेवेला निघण्याआधी

फतेहगंजमधल्या आमच्या चर्चमध्ये उन्हाळी बायबल शाळा घेणारी तरुण मुलं हल्ली मला विचारतात, "ताई, अमेरिकेतल्या ख्रिस्ती समर कॅम्पला जाऊ का?" मी म्हणते, जरूर जा. लेकरांबरोबर गाणी, पोहणं, रात्री शेकोटीभोवती प्रार्थना, यात फार आनंद आहे. पण सेवा म्हटली की आपल्याला कागद मागायची लाज वाटते, आणि माणूस अडकतो तो तिथेच.

अलकापुरीतल्या एका एजंटाने मला सांगितलं होतं, "टुरिस्ट व्हिसा काढा, चर्चचं पत्र पुरतं." तसं नसतं. मानधन घेऊन काउन्सेलर, म्हणजे कॅम्पमध्ये मुलांना सांभाळणारी ताई किंवा दादा, व्हायचं तर जे-१ व्हिसा लागतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था मुलाखत घेते, डीएस-२०१९ हा फॉर्म देते आणि मग आपण मुंबईच्या वकिलातीत जायचं. वय किमान १८, काम जास्तीत जास्त चार महिने. मान्यता असलेल्या संस्थांची यादी जाहीर असते. एक रुपयाही देण्याआधी त्यात नाव शोधा. फी, विमा, विमानभाडं यातलं कोण काय भरणार आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळणार, हे लेखी घ्या.

मी स्वतः अशा कॅम्पला गेले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या पत्रात मुलींच्या केबिनची, म्हणजे त्यांच्या राहायच्या खोलीची, काउन्सेलर असं लिहिलं होतं. पोचले तर स्वयंपाकघरात माणसं कमी होती, म्हणून मला भांडी धुवायला उभं केलं. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, असं कुणी ऐकवलं की आपल्या तोंडून शब्द फुटत नाही. भांडी घासण्यात कमीपणा मला कधीच वाटला नाही, पण ज्या मुलींसाठी मी आले होते त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी भरवशावर होत्या. जे-१ च्या नियमांत हे साफ लिहिलेलं आहे: काउन्सेलरला स्वयंपाकी, भांडी धुणारा, सफाई कामगार किंवा ऑफिसातला कर्मचारी म्हणून वापरता येत नाही. मानधन आणि सोयीही तिथल्या अमेरिकन काउन्सेलरांच्या तोडीच्या द्याव्या लागतात. मुलांबरोबर आपली केबिन झाडणं वेगळं, ते आनंदाने करावं. मी प्रायोजक संस्थेला फोन केला, पत्राची प्रत पाठवली, आणि मला माझी केबिन मिळाली. तेव्हा त्यांचा तातडीचा नंबर मोबाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वहीतही लिहा. बऱ्याच कॅम्पांत कामाच्या वेळी मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत. पासपोर्ट मात्र आपल्याच ताब्यात असू द्या.

मुलांच्या बाबतीत आपल्या सवयी तिथे सोडाव्या लागतात. संडे स्कूलमध्ये आपण रडणाऱ्या लेकराला सहज मांडीवर घेतो, गालगुच्चा घेतो, फोटो काढून घरच्यांना पाठवतो. तिथे एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. मला हे नियम आधी कोरडे वाटले, पण मुलांना त्यांचीच गरज असते, आणि आपल्यालाही. डोकं दुखतं म्हणून आपल्या पिशवीतली गोळी मुलाला देऊ नका, नर्सकडे न्या. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की तर मुळीच नेऊ नका. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने मुलाचा श्वास कोंडू शकतो, जीवही जाऊ शकतो.

राहिलं श्रद्धेचं. यावर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. काही कॅम्प काउन्सेलरकडून कॅम्पच्या श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकसारखे, असं धरून चालू नका. आम्हा मेथडिस्टांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, बॅप्टिस्टांना तो मान्य नाही. निवेदन घरी मोठ्याने वाचा, पाळकांना दाखवा, आणि जे पटत नाही ते कॅम्पला सहीआधी कळवा. आणखी एक गोष्ट मुलाखतीतच विचारा. घरच्या आठवणीने झोप न लागलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी रात्री विचारते, "माझे आजोबा चर्चला जात नव्हते, ते आता कुठे असतील?" तिला काय उत्तर द्यावं, अशी कॅम्पची अपेक्षा आहे? ते उत्तर तुमच्या तोंडून निघणार नसेल, तर दुसरा कॅम्प शोधा.