"पडसंच होय ताई, जाते आपोआप"
(गरोदरपणातील सर्दी-पडसे आणि अंगाचे इतर त्रास : महिला गटांसाठी पाठ)



मागच्या हिवाळ्यात सालेकसा तालुक्यातील एका गावात गृहभेटीला गेले होते. धानाची मळणी चालू होती. सातव्या महिन्याची एक सून अंगावर चादर घेऊन चुलीजवळ बसली होती. नाक वाहत होते, आवाज बसला होता. मी विचारले तेव्हा तिच्या आधी सासूबाईच बोलल्या, "पडसंच होय ताई, जाते आपोआप. आमी तर शेवटल्या दिवसापर्यंत बांधीत होतो."

मीही तेच मानले. वाफ घे, गरम पेज पी, एवढे सांगून पुढच्या घरी गेले. चार दिवसांनी आशाताईंचा फोन आला. त्यांनी बोटातून रक्त घेऊन तपासले होते. सुनेला मलेरिया निघाला. दिवसाआड दुपारी तिला थंडी वाजून ताप भरत होता. मी तिला हे का सांगितले नाहीस म्हणून विचारले. ती म्हणाली, "तुमी विचारलंच नाही ना."

तिला वेळेवर उपचार मिळाले. बाळ वजनाने थोडे कमी, पण सुखरूप जन्मले. तिचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा पाठ आधी माझ्यासाठी आणि मग तुमच्यासाठी.

१. साधे पडसे कसे ओळखावे?

गरोदरपणात नाकाच्या आतील त्वचेला रक्तपुरवठा वाढतो व ती सुजते. त्यामुळे पडसे नसतानाही नाक चोंदते. त्यात थंडीच्या दिवसांत गोंदियाचा पारा विदर्भात पुष्कळदा सर्वांत खाली असतो. ओल्या लाकडाचा धूर आणि मळणीची धूळ यांनी त्रास आणखी वाढतो.

साध्या पडशात नाक वाहते, शिंका येतात, घसा खवखवतो, अंग थोडे दुखते. भूक थोडी कमी होते, पण बाई बोलते, खाते, चालते. आठवडाभरात बरे वाटू लागते. अशा पडशाने पोटातील बाळाला सहसा इजा होत नाही.

२. घरी काय करावे?

• साध्या गरम पाण्याची वाफ घ्यावी. भांडे मांडीवर किंवा चुलीवर न ठेवता पाटावर स्थिर ठेवावे.
• कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात.
• पेज, वरणाचे पाणी, कोमट पाणी पुन्हा पुन्हा प्यावे.
• झोपताना डोके उंच ठेवावे व डाव्या कुशीवर झोपावे.
• चहात आले-तुळस घालतो तेवढी चालते. दाट काढे आणि जंगलातील मुळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
• दारे-खिडक्या बंद करून खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. तो विषारी वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो.

३. दुकानातील गोळी नको

आपल्या गावांत किराणा दुकानातही "सर्दीची गोळी" मिळते. तिच्यात काय काय मिसळले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या पाचव्या महिन्यानंतर घेतल्यास बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. तापासाठी गरोदर बाईला साधारणपणे पॅरासिटामॉल देतात, पण किती व केव्हा घ्यायची हे उपकेंद्रातील सिस्टरला विचारूनच. घरात उरलेली मलेरियाची औषधेही घेऊ नयेत. त्यांतील प्रायमाक्वीन गरोदरपणात देत नाहीत.

४. पडशासारखे दिसते, पण पडसे नसते

मलेरिया : देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यांत थंडी वाजून आलेला प्रत्येक ताप रक्त तपासूनच सोडावा. मलेरियाने आईचे रक्त कमी होते, गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचे होते. तपासणीचे किट आशाताईंकडे असते. मच्छरदाणी हिवाळ्यातही लावावी.

सिकलसेल : पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. ज्या बाईला हा आजार आहे तिला थंडी, ताप, कमी पाणी पिणे आणि अतिश्रम यांनी हाडांत व छातीत तीव्र कळा येऊ शकतात. तिच्या बाबतीत खोकला, ताप व छातीत दुखणे म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. जी फक्त वाहक आहे तिला सहसा त्रास होत नाही. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून दोघांचीही तपासणी करावी.

रक्त कमी असणे : गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे धरतात, ७ पेक्षा कमी असेल तर धोका मोठा. घागर उचलताना धाप लागते, ती पडशाने नव्हे. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत. सिकलसेल असल्यास डॉक्टर सांगतील तसेच घ्याव्यात.

क्षयरोग : खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्यावी.

५. अंगाचे इतर त्रास

कंबर दुखणे, पायात गोळे येणे, छातीत जळजळ, संध्याकाळी पावलांवर सूज, हे त्रास पुष्कळ जणींना होतात. थोडे थोडे खावे, बसताना पाय उंच ठेवावेत, वाकून करायची कामे आणि जड ओझी घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. पण चेहरा व हात सुजले, डोके सतत दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो. तसेच बाळाची हालचाल कमी वाटली, श्वास घेणे जड झाले, रक्त किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. गोंदिया शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे.

आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आणि आदिवासी क्षेत्रातील अंगणवाड्यांत २०१५ पासून अमृत आहार योजनेचे गरम जेवण शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. ते तिनेच, तिथेच बसून जेवावे.

६. विचारणारे माणूस हवे

आपल्या घरांत सोसणाऱ्या सुनेचे कौतुक होते. सासूबाईही तशाच सोसत आल्या, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण जी बोलत नाही तिचा ताप कोणी मोजत नाही. शुभवर्तमानात मरीया सहा महिन्यांच्या गरोदर अलीशिबेकडे डोंगराळ प्रदेशात गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. मला त्या भेटीत आता घरकामाला लागलेला एक हात आणि रोज विचारपूस करणारे एक माणूस दिसते.

आता मी कुठल्याही गरोदर बहिणीला भेटले की तिच्याच तोंडून चार उत्तरे घेते : ताप येतो का? थंडी वाजते का? धाप लागते का? बाळ हलते का? सासूबाई मध्ये बोलल्या तर म्हणते, "माय, तुमचं ऐकते, आधी तिला बोलू द्या."

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावात आज किती गरोदर भगिनी आहेत? या आठवड्यात त्यांना हे चार प्रश्न कोणी विचारले?
२. आपल्या घरात सिकलसेलची तपासणी कोणाची झाली, कोणाची राहिली?
३. रात्री गाडी बोलवायची वेळ आली तर फोन कोण करील, सोबत कोण जाईल? नावे आजच ठरवा.