मंजुरीचं पत्र आलं? पैसे भरायच्या आधी एवढं करा

मागच्या व्हिडिओत आपण प्रोजेक्ट रिपोर्ट शिकलो. आज त्याच्याही आधीची पायरी घेऊ. ज्या माहितीवर तुम्ही धंद्याचा निर्णय घेताय, ती आली कुठून?

समजा, तुम्ही केनवडचे आहात. रिसोड तालुक्यात तूर भरपूर, म्हणून छोटी डाळमिल टाकायचं डोक्यात आहे. एक दिवस व्हॉट्सअॅपवर पत्र येतं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. 'मुद्रा योजनेतून तुमचं १० लाखांचं कर्ज मंजूर. लीगल इन्शुरन्सचे ४,५०० रुपये भरा.' केनवडचं उदाहरण मी बनवलं, पण असं पत्र खरंच फिरलं होतं. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटं असल्याचं जाहीर केलं होतं.

आता आपण चूक कुठे करतो? पत्राकडेच बघत बसतो. शिक्का बरोबर आहे का, सही कोणाची आहे... अहो, शिक्का कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत बनतो! पत्र बाजूला ठेवा आणि बाहेर जाऊन विचारा की मुद्रा कर्ज देतं कोण? २०१५ पासूनची ही योजना आहे, पण मुद्रा ही संस्था थेट तुम्हाला कर्ज देतच नाही. बँका, बिगर-बँक वित्तीय संस्था आणि मायक्रोफायनान्सवाले देतात. मुद्राने कुठलेही एजंट नेमलेले नाहीत. म्हणजे पत्राची पहिलीच ओळ खोटी निघाली. आणि तुम्ही बँकेत अर्जच केला नव्हता, तर मंजुरी कशाची?

पत्रावरच्या नंबरला फोन करून खात्री करू नका. ते म्हणजे चोरालाच विचारणं, "भाऊ, तू चोर आहेस का?" पत्र घेऊन तुमच्या बँकेच्या शाखेत जा, नाहीतर वाशिमच्या जिल्हा उद्योग केंद्रात दाखवा. एक चक्कर पडेल, पण ४,५०० वाचतील. आणि पहिला हप्ता भरला की दुसरा मागतातच, बरं का.

पण खोट्या पत्रापेक्षा मला जास्त भीती वाटते ती शिळ्या माहितीची, कारण ती कधीतरी खरी होती. पीएमईजीपीचंच घ्या. उत्पादन उद्योगाची प्रकल्प मर्यादा आधी २५ लाख होती, ती २०२२ मध्ये ५० लाख झाली. सेवा उद्योगाची १० वरून २० लाख. जुने व्हिडिओ आजही जुनाच आकडा सांगतात. शिवाय तेव्हा योजनेला मुदतवाढ होती ती २०२५-२६ पर्यंतची. त्यामुळे आज काय चालू आहे ते खादी ग्रामोद्योग आयोगाच्या पोर्टलवरच बघायचं. माझा व्हिडिओ असला तरी आधी त्याची तारीख बघा, मला राग येणार नाही!

तिसरा प्रकार अर्धवट माहितीचा. 'सरकार ३५ टक्के देतंय' असं कोणी म्हणालं तर त्याला पुढचं विचारा. २०२२ च्या नियमांत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के होते. ३५ टक्के महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटांना. तेही हातात मिळत नाहीत, तीन वर्षं बँकेतच अडकून राहतात. ३५ टक्के रोख येणार म्हणून आधीच मशीनचा अॅडव्हान्स देऊन बसलात, तर तो कुठून भरणार?

आणि फॉरवर्ड करतानाही हात आखडता घ्या. फेब्रुवारी-मार्च २०२० आठवा. 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' हा मेसेज फिरला. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने खुलासा केला, तरी गिऱ्हाईक फिरकेना. महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांनी मातीमोल भावात पक्षी विकले, काहींनी फुकट वाटले. ते मेसेज पाठवणारेही आपल्यासारखेच लोक होते.

आजचा गृहपाठ: मोबाईलमधला योजनेचा एक मेसेज काढा. वहीत तीन गोष्टी लिहा. मूळ कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि मी पैसे भरले तर ते कोणाच्या खात्यात जातील? तिसऱ्याच्या उत्तरात एखाद्या माणसाचं वैयक्तिक खातं किंवा यूपीआय नंबर आला, तर तिथेच थांबा.

पैसे आधीच गेले असतील तर लाजत घरी बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा नंबर मात्र डिलीट करू नका, तक्रारीत तोच लागतो.