राखीव प्रत ठेवावी कुठे?

बोईसर स्थानकावर सकाळी उतरणारे कितीतरी प्रवासी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची वाट धरतात. कोठे औषधे, कोठे रसायने, कोठे पोलाद, तर कोठे कापड असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो. कचेऱ्यांत मात्र एक वस्तू बहुधा सारखीच आढळते. ती म्हणजे बाजूच्या खोलीत अहोरात्र चालणारा संगणक. हजेरी, पगार, बिले, मालाचा साठा ही सारी माहिती त्यात साठवलेली असते. टेबलांवरचे इतर संगणक ती त्याच्याकडून मागून घेतात. मागेल त्याला माहिती पुरवणारा म्हणून त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात.

सर्व्हर बिघडला तर नवा विकत आणता येतो. पण त्यातील माहिती कोणत्याच बाजारात मिळत नाही. म्हणून तो सांभाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे माहितीच्या राखीव प्रती ठेवणे. आता प्रश्न असा की, त्या ठेवाव्यात कुठे? याचे उत्तर गणितात दडलेले आहे.

दोन डिस्कांचे गणित

पुष्कळ सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क असतात. एकीवर लिहिलेला मजकूर आपोआप दुसरीवरही लिहिला जातो. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता १/५० आहे. मग त्याच वर्षी दोन्ही बिघडण्याची संभाव्यता १/५० × १/५० म्हणजे १/२५०० होईल. केवढी ही सुरक्षितता!

पण थांबा. असा गुणाकार केव्हा करता येतो? दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. आपल्या दोन्ही डिस्क तर एकाच पेटीत आहेत. विजेचा दाब एकाएकी वाढला, आग लागली किंवा पावसाचे पाणी खोलीत शिरले, तर दोन्ही एकदमच निकामी होतील. शिवाय कोणी चुकून पगाराची यादी पुसली, तर ती दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाईल. तेव्हा दुसरी डिस्क उपयोगी खरी; पण ती राखीव प्रत नव्हे.

फुकुशिमाचा धडा

तारापूरला अणुवीज केंद्र आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. १९६९ मध्ये वीज देऊ लागलेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या ‘उकळत्या पाण्याच्या’ प्रकारच्या आहेत. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रातील भट्ट्याही याच प्रकारच्या होत्या. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातील इंधनातून उष्णता निघतच राहते. ती काढून घेण्यासाठी पंप चालू ठेवावे लागतात, आणि बाहेरची वीज गेली तर पंपांसाठी डिझेल जनरेटर लागतात.

फुकुशिमाच्या सहा भट्ट्यांसाठी असे एकूण १३ जनरेटर होते. ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने बाहेरची वीज तोडली आणि त्यानंतर त्सुनामीची लाट आली. बहुतेक जनरेटर तळघरांत होते. पाण्याने ते किंवा त्यांची विजेची जोडणी एकाच वेळी निकामी केली. उंच जागी बसवलेला, हवेने थंड होणारा फक्त १ जनरेटर कामी आला आणि त्याने दोन भट्ट्या वाचवल्या. १३ ही संख्या मोठी होती. परंतु ते सारे परस्परांपासून स्वतंत्र नव्हते.

मग काय करावे?

१. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि निदान एक तरी दुसऱ्या गावी असावी.

२. अंतर संकटाच्या आवाक्याप्रमाणे ठरवावे. बोईसरच्या कचेरीतील आगीपासून पालघरला ठेवलेली प्रत सुरक्षित राहील. परंतु नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे अनेक धक्के बसले आहेत. बोईसर व पालघर यांच्यामध्ये उमरोळी हे एकच स्थानक आहे. तेव्हा आणखी एक प्रत पुणे किंवा नाशिकला असलेली बरी.

३. एक प्रत तारांपासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक आज्ञावलीने दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ती एका संगणकातून जोडलेल्या दुसऱ्या संगणकात शिरत होती. जी प्रत जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत असा उपद्रव पोहोचणार कसा?

४. प्रत अधूनमधून उघडून पाहावी. अणुवीज केंद्रात राखीव जनरेटर ठरावीक काळाने चालवून पाहतात, तसेच हे. वर्षभर नेमाने घेतलेली प्रत ऐन वेळी कोरी निघाली, तर तिचा काय उपयोग?

करून पाहा

शाळेच्या कचेरीतील संगणकात निकालपत्रके असतात. त्यांच्या किती प्रती आहेत व त्या कुठे आहेत, हे शिक्षकांना विचारा. मग एक तक्ता करा. आडव्या ओळींत प्रती लिहा आणि उभ्या रकान्यांत आग, पूर, चोरी, चुकून पुसणे ही संकटे लिहा. ज्या संकटात जी प्रत नष्ट होईल, तेथे फुली मारा. एखाद्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्याच आल्या, तर प्रती कितीही असोत, त्या संकटापुरती तुमच्याजवळ एकही राखीव प्रत नाही!